विद्यापीठाची वाट आणि शेतकऱ्याचें घर

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां दरवर्षीं बारावीच्या निकालानंतर एक देखावा आमच्या दृष्टीस पडे. दाखल्यांसाठीं धांवत आलेला एखादा शेतकरी, प्रवेशाची मुदत संपल्याचें कळतांच, कचेरीच्या पायरीवर मटकन् बसे. त्याच्या मुलास बुद्धि कमी नसे, घरांत पैशाचीहि अगदींच वानवा नसे. वेळेवर वाट दाखविणारा मात्र कोणी नसे. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी सातवीपर्यंतच झालें, म्हणून ही उणीव आम्हांस अधिक जाणवते.

विद्यालय उघडलें म्हणजे त्याचें दार सर्वांस उघडलें असें होत नाहीं. करवीरांत राजाराम कॉलेज १८८० सालीं सुरू झालें. पण खेड्यांतील मुलानें शहरांत राहावें कोठें व जेवावें काय, हा प्रश्न तसाच राहिला. शाहू छत्रपतींनीं हें दुखणें नेमकें ओळखलें. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें आणि पुढें जैन, मुसलमान, लिंगायत व अस्पृश्य मानलेल्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठींहि वसतिगृहें उभीं राहिलीं. परीक्षा सोपी केली नाहीं. परीक्षेपर्यंत पोहोंचण्याची सोय केली.

त्याच सोयीचें फळ म्हणजे कुंभोजास १८८७ सालीं जन्मलेले भाऊराव पाटील. ते कोल्हापुरांत जैन बोर्डिंगांत राहून शिकले. १९१९ सालीं त्यांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहांतील मुलांच्या जेवणासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत श्रम करून शिकण्याची रीत त्यांनीं घातली.

पुढें १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें. आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेंत आहेत. 'कमवा व शिका' ही योजना तेथेंहि आहे. अंतर मैलांचें कमी झालें. माहितीचें अंतर मात्र पुष्कळ घरांत अजून उरलें आहे.

तें तोडण्याचें काम एकट्या विद्यापीठाचें नव्हे. पेरणीपूर्वीं बियाणें आणून ठेवण्याची दक्षता आपण घेतों. तशीच उत्पन्न, जात व अधिवास यांचे दाखले उन्हाळ्यांतच काढून ठेवण्याची घ्यावी. निकालानंतर गांवच्या सोसायटींत एक दिवस सभा भरवून कॉलेजांतील अध्यापकांस बोलवावें व अर्ज तेथेंच भरून घ्यावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी शिबिरासाठीं गांवीं येतात, तेव्हां त्यांच्याकडून केवळ रस्ते झाडून घेऊं नयेत. आपल्या मुलांस त्यांच्याजवळ बसवावें. मुलगी लांब कशी पाठवावी अशी शंका असल्यास आईबापांनीं वसतिगृह स्वतः पाहून यावें. न पाहतांच 'नको' म्हणूं नये. शिक्षण मध्येंच सुटलेल्यांसाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे; औत सांभाळून तेथें पदवी घेतां येते.

अध्यापकांसहि आमची विनंति आहे कीं, त्यांनीं व्याख्यान देऊन लगेच परतूं नये. बांधावर यावें, जमिनीच्या व पाण्याच्या आमच्या अडचणी ऐकाव्या. ज्या विद्येस आपल्या प्रश्नांची ओळख आहे, तिच्या दारीं मुलगा पाठविण्यास शेतकरी कचरणार नाहीं.

यंदाच्या निकालापूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या शेजारच्या एका तरी मुलाची किंवा मुलीची चौकशी करावी. कचेरीच्या त्या पायरीवर पुन्हां कोणा बापास बसण्याची पाळी येऊं नये, एवढीच आमची इच्छा आहे.