हलक्या गळकाठीस दोरी कोणती घ्यावी ?

शेतकामांतून सवड मिळाली म्हणजे पाण्याच्या कांठीं गळ टाकून बसणें ही पूर्णा, दुधना व गोदावरी ह्या नद्यांच्या कांठच्या गांवांतील जुनी रीत आहे. बांबूची काठी, दोरा, शिशाचा तुकडा व गांडूळ एवढें सामान तीस पुरतें. परंतु कृत्रिम माशीनें मासा धरण्याची जी रीत आहे, जिला इंग्रजींत फ्लाय फिशिंग म्हणतात, तीस हें सामान चालत नाहीं. ही रीत आपल्या देशांत अगदीं नवी नव्हे. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस ह्यांनीं १८७३ सालींच 'दि रॉड इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. ह्या रीतींत दोरीची किंमत पुष्कळदां काठीइतकी पडते, आणि दोरी विजोड निघाल्यास दोहोंचाही पैसा पाण्यांत जातो. यास्तव खरेदीपूर्वीं पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

प्रथम मूळ तत्त्व पाहूं. साध्या गळांत शिशाचें वजन पुढें जातें व दोरा त्याच्या मागून ओढला जातो. गोफणींतून धोंडा सुटतो तसाच हा प्रकार. पिसांची माशी मात्र इतकी हलकी असते कीं ती स्वतःच्या वजनानें चार हातही जाणार नाहीं. म्हणून येथें वजन दोरींतच घातलेलें असतें. आसूड फिरविला म्हणजे मुठीकडील जोर निमुळत्या वादींतून शेंड्यापर्यंत जातो, त्याप्रमाणें काठीचा जोर दोरींतून माशीपर्यंत पोहोंचतो. तात्पर्य, दोरीचें वजन काठीच्या लवचिकपणाशीं जुळलें पाहिजे. दोरी हलकी पडली तर काठी वांकत नाहीं व फेंक जवळच पडते; जड झाली तर काठी मुळापासून वांकते आणि दोरी पाण्यावर ढीग होऊन पडते.

हें वजन अंकांनीं दाखविण्याची रीत अमेरिकेंतील मासेमारी-साहित्याच्या कारखानदारांच्या संघानें ठरविली, व आज ती सर्वत्र चालते. दोरीच्या पुढील ३० फुटांचें वजन किती ग्रेन आहे ह्यावर अंक ठरतो. ३ अंकास १०० ग्रेन, ४ अंकास १२०, ५ अंकास १४०, ६ अंकास १६० व ८ अंकास २१० ग्रेन. जुना तोळा १८० ग्रेनांचा होता. म्हणजे ४ अंकाची दोरी सुमारें पाऊण तोळ्याच्या आंतच भरते. काठीच्या मुठीच्या वरील बाजूस हाच अंक छापलेला असतो. काठीवर ५ असेल तर दोरीही ५ ची घ्यावी, हा पहिला व मुख्य नियम. ३ ते ५ अंकांच्या काठ्यांस हलकी काठी म्हणतात. फेंक नेहमींच आंखूड असेल, जसें शेततळ्यावर, तर एक अंक वरची दोरी चालते. कारण तेथें थोडीच दोरी बाहेर असते व काठी वांकण्यास तेवढ्यांतच वजन मिळावें लागतें.

वेष्टण हरवलेली अगर जुनी दोरी कोणी देऊं केली तर तिचा अंक घरींच काढतां येतो. टोंकाकडील कांहीं इंच सरळ भाग सोडून २० हात, म्हणजे ३० फूट, मोजावे, तेथें खूण करावी व तेवढाच भाग सोनाराच्या कांट्यावर ठेवावा. साडेसहा ग्रॅम भरल्यास अंक ३, पावणेआठ भरल्यास ४, नऊ ग्रॅमच्या किंचित् वर भरल्यास ५ समजावा.

अंकानंतर आकार. दोन्हीं टोंकांस निमुळती व मध्यें सारखी जाड, तिला डी-टी म्हणतात. ती जवळच्या फेंकीस उत्तम. शिवाय एक टोंक झिजल्यावर उलटून दुसरें वापरतां येतें, म्हणून काटकसरीची. दुसरी डब्ल्यू-एफ, हिचें वजन पुढल्या भागांत एकवटलेलें व मागील भाग बारीक असतो. येलदरीसारख्या उघड्या जलाशयावर वारा असतो, तेथें व नवशिक्यास हीच बरी. शेवटचें अक्षर एफ असेल तर दोरी तरंगणारी, एस असेल तर बुडणारी. प्रथम तरंगणारीच घ्यावी. म्हणजे ५ अंकाच्या काठीस वेष्टणावर 'डब्ल्यू-एफ-५-एफ' असें पाहून घ्यावें.

आपल्या हवेकरितां आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पूर्वीं ह्या दोऱ्या रेशमाच्या असत व त्यांस वरचेवर वाळवून चरबी लावावी लागे. आतांच्या दोरीस विणलेल्या गाभ्यावर प्लास्टिकचा लेप असतो. थंड देशाकरितां केलेला लेप परभणीच्या चाळीस अंशांवरील उन्हाळ्यांत मऊ पडून चिकटतो व दोरी काठीच्या कड्यांतून सरकत नाहीं. म्हणून उष्ण प्रदेशाकरितां केलेली दोरी मागून घ्यावी. रॉकेल, पेट्रोल व डासांचें मलम लागलेले हात तिला लावूं नयेत. काम झाल्यावर ओल्या फडक्यानें पुसून सावलींत ठेवावी.

दोरीच्या टोंकास आठ-नऊ फूट निमुळता नायलॉनचा तंतु जोडून मग माशी बांधावी. ह्या हलक्या सामानास चिलापी व पाण्याच्या वरच्या थरांत फिरणारी बारीक चंदेरी मासळी योग्य होय. मोठ्या मरळीस तें पुरणार नाहीं. तीस ८ अंकाचें सामान हवें. रोहू पाण्याच्या मधल्या थरांत व मृगळ तळाशीं चरतो, ते माशीस क्वचितच लागतात.

आतां दोन इशारे, आणि हे पैशाहून मोठे आहेत. कार्बनच्या काठींतून वीज वाहते. कालव्याच्या कांठानें व शेतांतून पंपाच्या तारा गेलेल्या असतात. अशा ठिकाणीं काठी उभी धरून चालूं नये व तारांखालीं फेंक मुळींच करूं नये. ढग गडगडूं लागल्यास काठी खालीं ठेवून पाण्यापासून दूर जावें. दुसरें असें कीं, तुटलेला नायलॉनचा तंतु कुजत नाहीं. तो बांधावर पडला तर पांखरांच्या पायांत अडकतो व कडब्याबरोबर जनावरांच्या पोटांत जातो. त्याचे तुकडे वेंचून घरीं आणावे.

जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यावर भोई बांधवांचें पोट अवलंबून आहे. त्यांची परवानगी घेतल्यावांचून तेथें गळ टाकूं नये. स्वतःच्या शेततळ्यावर हात बसवावा, तोही प्रथम माशीऐवजीं टोंकास लोकरीचा धागा बांधून. वीस हात दोरी सरळ पडूं लागली म्हणजे दोरीची निवड बरोबर झाली असें समजावें.