उसाच्या फडातले दुखणे आणि संशोधनाची वाट



बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला डॉक्टर करायचे की इंजिनिअर? मार्क थोडे कमी पडले की घरात सुतक पडल्यासारखे होते. पोरीचे तर विचारूच नका. आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे म्हणजे एम.बी.बी.एस. झालेच पाहिजे, अशी आपली पक्की समजूत. पण दवाखाना टाकून बसणे हा त्या क्षेत्रातला एक भाग झाला. एखाद्या मुलखात एकच दुखणे वारंवार का होते, ते मुळातून कमी कसे करायचे, हे शोधून काढणे हेही आरोग्याचेच काम आहे. त्यात डॉक्टराच्या जोडीला शेतकी पदवीधर, इंजिनिअर, हिशेबतज्ज्ञ, नर्स, समाजकार्य शिकलेली मुले-मुली अशा सगळ्यांची गरज पडते. हे काम कसे चालते याचे एक उदाहरण आपल्याच पिकातले आहे. ते मुद्दाम सविस्तर देत आहोत.

तरण्याताठ्या माणसांची किडनी

मेक्सिकोच्या खाली, दोन खंडांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यात एल साल्व्हाडोर आणि निकाराग्वा हे दोन छोटे देश आहेत. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याला सखल, उष्ण जमीन आणि तिच्यावर उसाचे मोठमोठे फड. तिथे पुष्कळ ऊस आधी पेटवून मग हाताने तोडत आले आहेत. मजुरी तोडलेल्या उसाच्या हिशेबाने. म्हणजे जेवढा घाम, तेवढा दाम.

२००२ साली एल साल्व्हाडोरच्या डॉक्टरांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. किडनी पूर्ण निकामी होऊन इस्पितळात येणाऱ्या रोग्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांना ना मधुमेह होता, ना रक्तदाब, ना दुसरे कोणते ओळखीचे कारण. बहुतेक पुरुष, आणि किनाऱ्याकडचे शेतकामाचे लोक. पुढे निकाराग्वातही तेच चित्र दिसले. तिथल्या चिचिगाल्पा गावाच्या परिसरात तर घरटी कर्ते पुरुष गेले. या पट्ट्यात दोन दशकांत वीस हजारांच्या वर माणसे या दुखण्याने गेली असावीत, असा अंदाज वेळोवेळी मांडला गेला आहे.

कारण काय? कोणी म्हणे तणनाशक, कोणी म्हणे विहिरीचे पाणी, कोणी म्हणे दारू. नुसत्या तर्काने निकाल लागत नाही. मोजावे लागते.

मोजणी कशी झाली

संशोधकांनी एल साल्व्हाडोरमधली वेगवेगळ्या उंचीवरची गावे निवडली. किनाऱ्याजवळच्या ऊस-कापसाच्या गावांत किडनी बिघडलेले पुरुष पुष्कळ सापडले. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवरच्या ऊसकरी गावात मात्र हे प्रमाण फारच कमी निघाले. पीक तेच, कोयता तोच, पण हवा थंड. संशय उन्हाकडे वळला.

मग निकाराग्वात हंगाम सुरू होण्याआधी आणि हंगाम संपताना त्याच कामगारांचे रक्त-लघवी तपासले. रक्तातले क्रिएटिनीन वाढले की किडनीची गाळण्याची ताकद घटली असे समजतात. ही घट फडातल्या कामगारांत जास्त, बाकीच्या कामांवरच्या लोकांत कमी आढळली. क्षार घातलेले पाणी जास्त पिणाऱ्यांची किडनी त्यातल्या त्यात बरी राहिली.

भर उन्हात जोर लावून काम, घाम जाऊन शरीरातले पाणी आटणे, आणि हे रोजच्या रोज महिनोन् महिने. यातून किडनीला वारंवार इजा होते, हे मत आज सर्वांत वजनदार मानले जाते. औषधांचा किंवा इतर गोष्टींचा त्यात किती हात आहे, यावर शास्त्रज्ञांत वाद अजून चालू आहे. पण सगळा वाद मिटेपर्यंत माणसांनी मरायचे काय? म्हणून उपाय करून पाहायचे ठरले.

पाणी, विसावा, सावली

एल साल्व्हाडोरमध्ये २०१४-१५ च्या हंगामात एक प्रयोग झाला. तोडणी कामगाराला पाठीवर बांधायची पाण्याची पिशवी दिली. फडाबरोबर हलवता येईल असा सावलीचा मांडव केला. विसाव्याच्या वेळा बांधून दिल्या. कोयत्याची घडण सुधारली.

आता सभासदांच्या मनात लगेच येईल, की विसावा दिला तर तोड कमी होणार, गाडी उशिरा भरणार, आणि गव्हाणीला ऊस तुटणार. तिथल्या मालकांनाही हीच धास्ती होती. झाले उलटेच. माणशी रोजची तोड सुमारे ५ टनांवरून ७ टनांच्या वर गेल्याची नोंद झाली. सुधारलेल्या कोयत्याचा त्यात वाटा आहेच. पण विसाव्याने काम बुडते ही समजूत तिथे टिकली नाही, एवढे खरे.

निकाराग्वातल्या एका मोठ्या कारखान्यात याच धर्तीवरचे काम पुढे नेले गेले. २०१७-१८ च्या हंगामात जाळलेला ऊस तोडणाऱ्यांपैकी पाव हिश्श्याहून अधिक लोकांच्या किडनीला हंगामात इजा झाल्याचे दिसले. विसावा आणि सावली वाढवल्यावर पुढच्या, म्हणजे २०१८-१९ च्या हंगामात हे प्रमाण दहांत एकाच्याही खाली आले.

या कामात किती हात लागले ते पाहा. किडनीचे डॉक्टर, रक्त तपासणारे, उन्हाचा ताप मोजणारे, अवजारांचा अभ्यास करणारे, आकडेतज्ज्ञ, कामगारांच्या घरी जाऊन बोलणारे, आणि कारखान्याची माणसे. एकट्या डॉक्टराला हे जमले नसते. त्याच्यापर्यंत माणूस पोचायचा तो किडनी गेल्यावरच.

आपल्याकडचे उदाहरण

असे काम परदेशातच होते असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालमृत्यूवर केलेले काम जगभर अभ्यासले जाते. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा श्वास मिनिटात किती वेळा चालतो हे मोजावे लागते. पण मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणीने ते कसे करावे? त्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याशी पोचलो, की बाळ आजारी. पुढे ३९ गावांत नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिथला नवजात बालकांचा मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि २०११ पासून देशभर ‘आशा’ ताईंच्या गृहभेटी या धर्तीवर सुरू झाल्या.

आपल्या मुलामुलींनी कुठे जावे

पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा एम.पी.एच. अभ्यासक्रम असतो. पुणे विद्यापीठात, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तो चालत आला आहे. काही ठिकाणी डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही प्रवेश मिळतो. अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात, त्या आधी नीट पाहाव्यात. आकड्यांची आवड असेल तर मुंबईला देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. इंजिनिअर मुलांसाठी पवईच्या आय.आय.टी.त २०१४ पासून वैद्यकीय उपकरणे घडवणारे ‘बेटिक’ हे केंद्र आहे.

उगाच गुलाबी चित्र रंगवत नाही. सुरुवातीला नेमणूक बहुधा प्रकल्पापुरती असते. पगार डॉक्टराच्या प्रॅक्टिसएवढा नसतो. पीएच.डी.ला चार-पाच वर्षे सहज जातात. घरच्यांनी धीर धरला पाहिजे. पण ज्याला फडाची, गावाची माहिती आहे, त्याला इथे जी आघाडी मिळते ती शहरातल्या मुलाला मिळत नाही.

प्रश्न आपल्या बांधावर आहेत

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. खाडा पडला की मजुरी जाते, फडावर संडास नाही, पाणी लांब, लग्न लहानपणी झालेले. हे एकट्या डॉक्टराचे काम आहे काय? २०२१-२२ च्या हंगामात काही भागांत गाळप जूनपर्यंत लांबले. एप्रिल-मेच्या उन्हात मोळ्या वाहणाऱ्या जोडप्याच्या अंगावर त्याचा काय परिणाम होतो, हेही मोजण्याजोगे आहे. आपल्याकडे ऊस बहुधा हिरवाच तोडतात, कामाची रीत निराळी, म्हणून तिकडचे आकडे इकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. इथली मोजणी इथल्याच पोरांनी करावी. टोळीवार तोडीची आणि काट्याची नोंद कारखान्याकडे असतेच. अशा अभ्यासाला ती फार उपयोगी पडेल.

तोपर्यंत एक गोष्ट हाती आहे. ऊस आपल्या रानातला असतो. टोळी रानात आली की पिण्याच्या पाण्याची सोय बांधावर करावी आणि दुपारी घटकाभर सावलीत बसू द्यावे. आणि कुणी संशोधन करणारी मुलगी वही घेऊन दारी आली, तर तिला खरी उत्तरे द्यावीत. रक्त तपासायचे असेल तर कशासाठी ते विचारावे, आणि निष्कर्ष मराठीत गावाला सांगायला परत ये, असे तिला आवर्जून बजावावे.