टायर बदलत राहिलो, दुखणं बॉल जॉइंटचं होतं



धंद्याला पहिली गाडी बहुतेक जण जुनी पिकअपच घेतात. माझीही जुनीच आहे. भांडुपच्या दुकानातून टाइल्स घेऊन ती एलबीएस मार्गावर मुलुंड ते घाटकोपर फिरते. पावसाळ्यात त्या रस्त्यावरचे खड्डे तुम्हाला वेगळे सांगायला नकोत.

दोन वर्षांपूर्वी गाडी पुढचा डावा टायर आतल्या बाजूने खायला लागली. स्पीडब्रेकरवर 'टक' असा आवाजही यायचा. मी काय केलं? पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. चार महिन्यांत डावा पुन्हा तसाच! दोष टायरचा नव्हताच, खालचा बॉल जॉइंट झिजला होता.

बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खांद्यासारखा सांधा. वाटीत लोखंडी गोळा, आत ग्रीस, वर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं, चिखल-पाणी आत जातं आणि गोळा खिळखिळा होतो. सांधा पूर्ण निसटला तर चाकच दुमडतं. भरल्या गाडीत, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर हे झालं तर? माल जाईल, गाडी जाईल, माणूसही जाऊ शकतो.

आधी आपली गाडी ओळखा. 2005 साली आलेल्या टाटा एसला पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि लीफ स्प्रिंग आहे. तिथे हे काम किंगपिन करते. पुढची चाकं स्वतंत्र आर्मवर असतील तरच बॉल जॉइंट शोधा.

तपासणी घरी करा

सपाट जागा, मागच्या चाकांना ओट. स्प्रिंगचं वजन खालच्या आर्मवर असेल, तर जॅक त्याच आर्मखाली, चाकाजवळ लावा. चेसिसखाली घोडी हवीच. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही.

चाक वर आणि खाली धरून हलवा. पहारीने टायर खालून उचलून बघा. प्ले लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर संशय बेअरिंगवर. तरीही सांधा हलतोय, तर बॉल जॉइंट. चाक आडवं धरून हलवल्यावर प्ले दिसला तर टाय रॉड एंड बघा.

बदलायचा कुणी?

जॉइंट बोल्टने बसवलेला असेल, तर हात बसलेल्या माणसाला घरी जमतो. आर्मखालचा जॅक शेवटपर्यंत हलवायचा नाही, नाहीतर दबलेली स्प्रिंग आर्मला खाली झटका देते. चाक काढा, स्प्लिट पिन काढा, नट थोडा सैल करून तसाच ठेवा. पुलरने सांधा सोडवा, मगच नट पूर्ण काढा. नवा जॉइंट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट किंचित पुढे आवळा, मागे कधीच सोडू नका. पिन नवीच टाका आणि नंतर अलाइनमेंट करून घ्या.

जॉइंट प्रेसने बसवलेला असेल किंवा टॉर्शन बार सोडावा लागत असेल, तर सरळ गॅरेज गाठा. तिथे पैसे वाचवणं महागात पडतं.

पार्ट घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर जुना नग आणि चेसिस नंबर सोबत ठेवा. वापरलेला बॉल जॉइंट स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता हिशोब

दुरुस्तीचा खर्च म्हणजे फक्त पार्ट आणि मजुरी नाही. गाडी उभी राहिली त्या दिवसाचं भाड्याच्या टेम्पोचं बिल, वाया गेलेले टायर आणि तुटलेलं गिऱ्हाईक हेही त्यातच मोजा. मी फक्त टायरची किंमत बघितली, म्हणून दोनदा भरली. शिवाय 8 वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी लागतं, आणि तिथे स्टीअरिंग-सस्पेन्शन बघतातच.

म्हणून स्वतः पाना चालवा किंवा चालवू नका, पण दुखणं ओळखायला शिका. म्हणजे मिस्त्रीला "टायर बदल" सांगण्याऐवजी "डाव्या खालच्या बॉल जॉइंटला प्ले आहे" असं सांगाल.

या रविवारी एवढंच करा: एक वही घ्या, चारही टायरचा आतला आणि बाहेरचा काठ हाताने चाचपा, तारीख आणि किलोमीटर लिहा. दर महिन्याला हेच. दहा मिनिटांचं काम आहे, पण गाडी काय सांगतेय ते त्या वहीत दिसेल.