सह्याद्रीचा कातळ आणि सरकणारी भूमी

भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत जाऊन आशियास भिडला व त्या दाबाने हिमालय उभा राहिला, असे एक वाक्य भूगोलाच्या पाठात येते. मुले ते पाठ करतात आणि शिक्षक पुढच्या पाठाकडे वळतात. एखादी चौकस मुलगी मात्र विचारते, “गुरुजी, जमीन सरकते, तर आमची विहीर आणि बांध जागच्या जागी कसे?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विहीर, बांध, शाळा, गाव ही सर्व एकाच भूपट्टावर आहेत. तो अख्खा सरकतो, म्हणून त्यांच्यातील अंतर बदलत नाही, एवढे उत्तर सहज देता येते. परंतु ‘हे कळले कसे?’ हा त्यापुढील प्रश्न अधिक मोलाचा होय. त्याचे एक उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील शाळांच्या पायाखालीच, काळ्या कातळात, दडलेले आहे.

भूखंड सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडली. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसण्यासारखे आहेत, हे तर नकाशा पाहणाऱ्या कोणाही मुलाच्या ध्यानी येते. त्याहून बळकट पुरावा जीवाश्मांचा होता. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराची पाने असलेल्या वनस्पतीचे ठसे नागपूरजवळील कामठीच्या खडकांत सापडतात. पंचवीस कोटी वर्षांहून जुने असे तेच ठसे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका येथेही आढळतात. एवढे महासागर ओलांडून ती वनस्पती सर्वत्र कशी पोहोचावी? हे सारे प्रदेश एके काळी एकत्र होते, असेच मानावे लागते. त्या जुन्या भूमीस मिळालेले गोंडवन हे नावदेखील गोंडांच्या प्रदेशावरून आले आहे. तथापि एवढे प्रचंड भूखंड हलविणारी शक्ती कोणती, हे वेगेनर यांना पटवून देता आले नाही. आणि बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्यांची कल्पना अनेक वर्षे बाजूस सारली.

तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्यात सह्याद्रीच्या दगडाचा वाटा आहे. अकोले तालुक्यातील कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड हे डोंगर दुरून पाहिले असता त्यांच्या अंगावर आडव्या पायऱ्या दिसतात. साधारणतः त्या एकावर एक साचलेल्या लाव्हारसाच्या थरांच्या आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा रस वारंवार वाहिला व थिजला. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबडी मातकट पट्टी दिसते. मधल्या विश्रांतीत दगड झिजून झालेली माती ती. घाटरस्त्याच्या कापलेल्या बाजूस ती मुलांना दाखविता येते. या थरांपैकी खालच्या समूहास भूशास्त्रात ‘कळसूबाई उपगट’ म्हणतात. आपल्या शिखराचे नाव जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आहे, हे मुलांना अवश्य सांगावे.

या रसात लोहयुक्त सूक्ष्म कण असतात. दगड थंड होत होत सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की ते कण पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या स्थळाची, त्या काळाची दिशा धरून ठेवतात. चुंबकसूची केवळ उत्तर-दक्षिण राहते असे नव्हे, ती कलतेही. विषुववृत्ताच्या उत्तरेस तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिणेस ते वर उचलले जाते, आणि ध्रुवाकडे जावे तसा हा कल वाढतो. म्हणजे दगडातील कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर थिजला, हे काढता येते.

(वर्गात हे दाखविणे अवघड नाही. विणकामाची पोलादी सुई मध्यावर दोऱ्याने बांधून, समतोल राहील अशी टांगावी. मग चुंबकाच्या एकाच टोकाने तिला एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासून पुन्हा टांगावे. उत्तर टोक जरासे खाली झुकते. जवळपास लोखंडी बाक नसावा, इतकेच.)

१९५० नंतरच्या दशकात नोबेल पारितोषिक विजेते ब्लॅकेट यांच्या लंडन येथील सहकाऱ्यांनी, तसेच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सहस्रबुद्धे प्रभृतींनी दख्खनच्या खडकांचे असे मापन केले. पृथ्वीचे चुंबकत्व अधूनमधून उलटत असते, त्यामुळे काही थरांत दिशा सुलटी तर काहींत उलटी मिळाली. परंतु सुलट्या थरांत उत्तर टोक वर उचललेले होते आणि उलट्यांत नेमके त्याच्या विरुद्ध. दोहोंचा अर्थ एकच. आज १९ उत्तर अक्षांशाच्या आसपास असलेला हा कातळ विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० ते ३० अंशांच्या दरम्यान थिजला होता. भूमी स्थिर असून ध्रुवच सरकला असेल, ही शंका रास्त आहे. पण तसे असते तर युरोपातील त्याच काळच्या खडकांनी ध्रुवाची तीच जागा दाखविली असती. ती त्यांनी दाखविली नाही.

पुढे १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग या बुडालेल्या पर्वतरांगेजवळची चुंबकीय मापने अभ्यासली. रांगेच्या मध्यातून नवा खडक वर येतो आणि दोन्ही बाजूंस सरकत जातो, म्हणून सुलट्या-उलट्या चुंबकत्वाचे पट्टे दोन्हीकडे आढळतात, हे त्यांचे स्पष्टीकरण होते. वेगेनर यांचे भूखंड समुद्रतळ नांगरीत जात होते. आता भूखंड आणि समुद्रतळ दोन्ही भूपट्टावर बसून जातात, असे कळले.

सरासरी वेग काढण्याचे गणित सातवीच्या मुलांना जमावे. दक्षिणेकडील २० अंश धरले तरी ३९ अंशांचे अंतर झाले. प्रत्येकी १११ किलोमीटर धरता ४,३२९ किलोमीटर. त्यास ६ कोटी ६० लाखांनी भागल्यास वर्षास सुमारे साडेसहा सेंटिमीटर येतात. अर्थात वेग सदैव सारखा नव्हता; आशियास भिडण्यापूर्वी तो पुष्कळ अधिक होता. आज उपग्रहांच्या साहाय्याने, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील केंद्रासारख्या ठिकाणांहून, प्रत्यक्ष मोजता तो वर्षास ५ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. बोटाचे नख वाढते त्याहून थोडा अधिक.

हिमालयाशी ही रेटारेटी अद्याप चालू असल्याने भूपट्टाच्या आतल्या भागातही ताण साचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस झालेला भूकंप, ज्यात हजारो माणसे दगावली, या ताणाशीच जोडला जातो. जामखेड व कर्जत तालुक्यांतील वडीलधाऱ्यांना तो दिवस आठवतो. तेव्हा मुलांना त्यांच्याकडून ऐकून येण्यास सांगावे, म्हणजे पाठाशी त्याची सांगड घालता येईल. पुढचा धक्का कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस बसेल हे सांगण्याची विद्या मात्र कोणापाशीही नाही. तसा निरोप गावात फिरू लागल्यास तो निराधार आहे, असे शिक्षकांनी चावडीवर उघडपणे सांगावे.