पेनड्राइव्हवरील लिनक्स प्रणाली

पेनड्राइव्हवरील लिनक्स प्रणाली : संगणकाच्या अंतर्गत तबकडीत काहीही न बसविता, यूएसबी जोडणीत खोचलेल्या पेनड्राइव्हवरून थेट सुरू होणारी आणि वापरकर्त्याने केलेले बदल त्याच पेनड्राइव्हवर जतन करणारी परिचालन प्रणाली. संगणक सुरू होताच त्याचे सर्व भाग ताब्यात घेऊन इतर आज्ञावलींना ते उपलब्ध करून देणारी जी मूलभूत आज्ञावली असते, तिला परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. सामान्यतः ती यंत्रातील तबकडीत कायमची बसविलेली असते. प्रस्तुत प्रकारात मात्र यंत्र आणि प्रणाली ही दोन्ही परस्परांपासून अलग असतात. वापरकर्ता आपली प्रणाली व आपले काम खिशात ठेवून मिळेल त्या लॅपटॉपवर ते पुढे चालवू शकतो. तबकडी निकामी झालेले, कमी स्मृतीचे किंवा अनेकांनी मिळून वापरावयाचे लॅपटॉप उपयोगात आणण्यासाठी ही पद्धती विशेष सोयीची ठरते.

इतिहास : लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनस टॉरव्हल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील आज्ञावलींची त्यास जोड मिळाली आणि कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली तयार झाली. प्रणालीची प्रत काढण्यास परवान्याची आडकाठी नसल्यामुळेच ती सीडीवर वा पेनड्राइव्हवर घालून हातोहात वाटणे शक्य झाले. सीडीवरून थेट चालणाऱ्या लिनक्सचा प्रयत्न १९९२ मध्येच ‘इग्‌ड्रासिल’ या संचात झाला होता. परंतु या प्रकारास खरी लोकप्रियता मिळाली ती जर्मन अभियंते क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’मुळे (२०००). दाबून बसविलेल्या रूपात सुमारे २ गिगाबाइट आज्ञावली ७०० मेगाबाइटांच्या सीडीवर मावविण्याचे तंत्र त्यांनी वापरले.

सीडीवर लिहिता येत नसल्याने अशा प्रणालीत केलेले सर्व काम संगणक बंद करताच पुसले जाई. यूएसबी जोडणीचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीत या जोडणीवर काम करणाऱ्या चमूत मूळचे बडोद्याचे अभियंते अजय भट्ट हे प्रमुख होते. २००० च्या सुमारास पेनड्राइव्ह बाजारात आले आणि वाचता व लिहिता येईल असे स्वस्त माध्यम उपलब्ध झाले. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘पपी लिनक्स’ने वापरकर्त्याचे सर्व बदल एका फाइलीत साठविण्याची पद्धती रूढ केली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्या १०० मेगाबाइटांच्या आत होत्या.

रचना व कार्य : लॅपटॉपची कळ दाबल्यावर त्यातील स्थिर स्मृतीत असलेली बायॉस किंवा यूईएफआय ही प्रारंभिक आज्ञावली प्रथम चालू होते व कोणत्या साधनावरून प्रणाली घ्यावयाची ते ठरविते. पेनड्राइव्हची निवड केल्यास त्यावरील आरंभक आज्ञावली (उदा., ग्रब वा सिसलिनक्स) कर्नेल व एक छोटी तात्पुरती फाइलव्यवस्था मुख्य स्मृतीत चढविते. ही तात्पुरती व्यवस्था पेनड्राइव्हवरील ‘स्क्वॉशएफएस’ प्रकारची मोठी फाइल शोधते. संपूर्ण प्रणाली या फाइलीत दाबून बसविलेली असते. ही फाइल केवळ वाचता येते. तीत लिहिता येत नाही.

लिहिता न येणाऱ्या प्रणालीत बदल कसा करावयाचा, हा या तंत्रातील मध्यवर्ती प्रश्न होय. त्याचे उत्तर थरांच्या रचनेत आहे. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा केल्या, तर पाहणाऱ्यास नकाशा व खुणा एकत्रच दिसतात. मूळ नकाशा मात्र कोराच राहतो. त्याचप्रमाणे वाचनीय थरावर एक लेखनीय थर ठेवून दोहोंचा संयोग एकच फाइलव्यवस्था म्हणून दाखविला जातो. खालच्या थरातील फाइल बदलावयाची झाल्यास तिची प्रत वरच्या थरात काढून त्या प्रतीत बदल केला जातो. ती पुसल्यास वरच्या थरात ‘ही फाइल नाही’ अशी खूण ठेवली जाते. म्हणून मूळची एखादी आज्ञावली काढून टाकली, तरी पेनड्राइव्हवरील जागा मोकळी होत नाही. या कामासाठी प्रारंभी ‘युनियनएफएस’ व नंतर ‘ऑफ्स’ या व्यवस्था वापरात होत्या. क्नॉपिक्सने २००५ मध्ये पहिलीचा अवलंब केला. डिसेंबर २०१४ च्या ३.१८ या आवृत्तीपासून ‘ओव्हरलेएफएस’ कर्नेलमध्येच समाविष्ट झाली.

वरचा थर मुख्य स्मृतीत असेल, तर संगणक बंद करताच तो नाहीसा होतो. तोच पेनड्राइव्हवर ठेवला, तर बदल टिकून राहतात. या टिकवून ठेवलेल्या थरास स्थायी साठा म्हणता येईल.

स्थायी साठ्याचे प्रकार : (१) फाइल : पेनड्राइव्हच्या फॅट-३२ विभागात ठरावीक आकाराची एक फाइल तयार करून तिच्या आत लिनक्सची फाइलव्यवस्था मांडतात. पेनड्राइव्ह इतर संगणकांवरही नेहमीप्रमाणे वापरता येतो, हा याचा लाभ. परंतु फॅट-३२ मध्ये एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. (२) विभाग : पेनड्राइव्हवर स्वतंत्र विभाग पाडून त्यास प्रणालीला ओळखता येईल असे नाव देतात. डेबियन प्रणालीत हे नाव ‘पर्सिस्टन्स’ असते आणि कोणत्या निर्देशिका टिकवावयाच्या याची नोंद त्याच विभागातील एका छोट्या फाइलीत करावी लागते. (३) केवळ गृहनिर्देशिका : प्रणाली प्रत्येक वेळी मूळ स्थितीत सुरू होते, वापरकर्त्याची कागदपत्रे व वैयक्तिक मांडणी तेवढी टिकते. बिघाडाची शक्यता यात सर्वांत कमी असते. (४) विलंबित लेखन : बदल प्रथम मुख्य स्मृतीत होतात आणि ठरावीक अंतराने वा संगणक बंद करताना पेनड्राइव्हवर उतरविले जातात. पपी व अँटीएक्स या प्रणालींत ही सोय आहे. तिच्यामुळे वेग वाढतो व पेनड्राइव्हची झीज घटते. परंतु मध्येच वीज गेल्यास त्या दरम्यानचे काम नष्ट होते.

हलक्या प्रणाली : ‘हलकी’ हे विशेषण येथे कमी स्मृतीत व मंद प्रक्रियकावर चालणाऱ्या प्रणालीस उद्देशून वापरले जाते. ‘टायनी कोअर’ ही प्रणाली काही दशक मेगाबाइटांतच मावते. डेबियनवर आधारलेल्या अँटीएक्सला किमान ५१२ मेगाबाइट मुख्य स्मृती पुरते. मात्र पडदा, फाइली व लेखनाच्या आज्ञावली हलक्या असल्या, तरी आजची संकेतस्थळे हलकी नाहीत. ती पाहण्यासाठी ब्राउझरलाच याहून कितीतरी अधिक स्मृती लागते. म्हणून जुन्या लॅपटॉपकडून लेखन, वाचन, हिशेब व अध्यापनाची अपेक्षा ठेवणे वाजवी. महाजालावरील चलच्चित्रांची अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी येते. प्रक्रियक ३२-बिट आहे की ६४-बिट, हेही आधी पाहावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी कर्नेल व स्थापना-संच देणे बंद झाले आहे.

तयार करण्याची पद्धत : प्रणालीची प्रतिमा-फाइल अधिकृत स्थळावरून उतरवून, तिची तपासबेरीज जुळवून पाहून ती पेनड्राइव्हवर लिहितात. या क्रियेत पेनड्राइव्हवरील पूर्वीचा सर्व मजकूर नष्ट होतो. प्रतिमा जशीच्या तशी उतरविल्यास तयार होणारा विभाग केवळ वाचनीय असतो. स्थायी साठ्यासाठी उरलेल्या जागेत दुसरा विभाग पाडावा लागतो. विंडोजवर चालणाऱ्या ‘रूफस’सारख्या आज्ञावली काही प्रणालींबाबत ही दोन्ही कामे एकदम करतात. त्यानंतर लॅपटॉप सुरू करताना एफ-१२, एफ-९, एस्केप यांपैकी निर्मात्याने ठरविलेली कळ दाबून पेनड्राइव्हची निवड करतात. काही नव्या लॅपटॉपांत ‘सिक्युअर बूट’ ही सुरक्षा-व्यवस्था स्वाक्षरी नसलेली प्रणाली सुरू होऊ देत नाही. अशा वेळी स्वाक्षरीयुक्त प्रणाली निवडावी किंवा यंत्राच्या मालकाच्या संमतीने ती व्यवस्था बंद करावी लागते.

महाराष्ट्रातील उपयोग : ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील लहान प्राथमिक शाळेत झाला. त्यातील एक्सओ लॅपटॉपमध्ये फिरणारी तबकडी नव्हतीच. २५६ मेगाबाइट मुख्य स्मृती आणि १ गिगाबाइट फ्लॅश स्मृती यांवर फेडोरा लिनक्स व ‘शुगर’ हा मुलांसाठी रचलेला दर्शनी भाग चालत असे. फ्लॅश स्मृतीच्या एवढ्याशा तुकड्यावर मुलाचे सर्व शालेय काम मावते, हे अशा यंत्रांनी दाखवून दिले. यंत्र विकत न घेता हीच सोय कोणत्याही संगणकावर मिळावी, म्हणून शुगर लॅब्ज या संस्थेने जून २००९ मध्ये ‘शुगर ऑन अ स्टिक’ हा पेनड्राइव्ह-संच प्रसिद्ध केला. मुलाने आपला पेनड्राइव्ह शाळेत व घरी दोन्हीकडे लावावा आणि सोडलेले काम पुढे चालवावे, ही त्यामागील कल्पना होती.

या संचाने एक महत्त्वाचा धडाही दिला. फेडोराच्या तत्कालीन पद्धतीत स्थायी साठा फाइलींच्या नव्हे, तर तबकडीच्या खंडांच्या पातळीवर राखला जाई. नवीन लिहिलेला प्रत्येक खंड साठ्यातील जागा व्यापी आणि फाइल पुसली तरी ती जागा परत मिळत नसे. परिणामी साठा हळूहळू भरत जाई व पूर्ण भरल्यावर प्रणाली सुरूच होईनाशी होई. मुलांच्या दृष्टीने याचा अर्थ आतापर्यंतचे काम गमावणे असाच होता. गृहनिर्देशिका वेगळ्या फाइलीत ठेवणे, हा त्यावरील उपाय होय.

मराठी वापरकर्त्यास स्थायी साठ्याची गरज आणखी एका कारणाने भासते. इन्स्क्रिप्ट कळफलक, देवनागरी टंक व मराठी दर्शनी भाषा यांची मांडणी प्रत्येक वेळी नव्याने करावी लागली, तर सामान्य माणूस मराठी लिहिण्याचा नाद सोडतो. इन्स्क्रिप्टचा भारतीय मानकात १९९१ मध्ये समावेश झालेला असून तो लिनक्समध्ये उपलब्ध असतो. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याने दिलेल्या आणि पुढे पुण्यातील अभियंत्यांनी जोपासलेल्या ‘लोहित’ टंकांत मराठी मजकूर नीट उमटतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांसारख्या शब्दांतील अर्ध्या र-काराचे मराठी वळण बरोबर येते की नाही, ही टंकाची सोपी कसोटी होय. प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली, डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणालीदेखील मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अन्यथा धडधाकट असे अनेक लॅपटॉप त्यामुळे अडगळीत जाण्याच्या बेतात आहेत. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावी शाळा, वाचनालय किंवा टंकलेखनाचे दुकान अशा एखाद्या ठिकाणच्या जुन्या लॅपटॉपाबाबत या तंत्राचा उपयोग सहज कल्पिता येतो : यंत्र एकच, पण प्रत्येक विद्यार्थ्याचा पेनड्राइव्ह वेगळा. एकाचे काम दुसऱ्याच्या हातून पुसले जात नाही, एकाची कागदपत्रे दुसऱ्यासमोर उघडी पडत नाहीत आणि यंत्र बिघडले तरी काम शाबूत राहते.

मर्यादा व दक्षता : फ्लॅश स्मृतीचा प्रत्येक खंड मर्यादित वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये ही झीज समान वाटून देणारी व्यवस्थाही साधारणच असते. त्यावर अहोरात्र परिचालन प्रणाली चालविणे हा त्याच्या मूळ हेतूबाहेरचा वापर असल्याने तो पूर्वसूचना न देता निकामी होऊ शकतो. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे अपरिहार्य आहे. संगणक बंद झाल्याचे पाहूनच पेनड्राइव्ह काढावा. बॅटरी निकामी झालेल्या लॅपटॉपवर वीज खंडित होण्याची भीती असल्याने काम वरचेवर जतन करावे. लेखनाचा वेग कमी असलेला पेनड्राइव्ह लॅपटॉप चांगला असूनही प्रणाली रेंगाळत ठेवतो. यूएसबी ३.० (२००८) जोडणीचा लाभ पेनड्राइव्ह व लॅपटॉप दोन्ही त्या मानकाचे असतील तरच मिळतो.

सर्व आज्ञावली अद्ययावत करण्याचा नेहमीचा प्रघातही येथे विचारपूर्वक पाळावा लागतो. अद्ययावत प्रती वरच्या थरात साठतात, जुन्या खालच्या थरात तशाच राहतात आणि मर्यादित साठा दुहेरी खर्च होतो. शिवाय कर्नेल वाचनीय भागातून चढविला जात असल्याने अनेक संचांत नवा कर्नेल बसविला तरी तो वापरात येत नाही. अशा वेळी ठरावीक काळाने नव्या आवृत्तीचा संच तयार करून त्यात केवळ स्वतःची कागदपत्रे नेणे श्रेयस्कर ठरते. जुना वरचा थर नव्या प्रणालीवर तसाच चढविल्यास दोहोंतील आज्ञावली परस्परविसंगत होऊन बिघाड संभवतो.

पेनड्राइव्ह हरवला, तर त्यातील कागदपत्रे सापडेल त्याच्या हाती जातात. त्यामुळे स्थायी साठा सांकेतिक रूपात ठेवण्याची सोय असल्यास ती अवश्य वापरावी. मात्र तिचा परवलीचा शब्द विसरल्यास मालकासही आपले काम परत मिळत नाही. तसेच पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या प्रणालीस लॅपटॉपची अंतर्गत तबकडी, ती सांकेतिक रूपात नसल्यास, वाचता येते. बंद पडलेल्या यंत्रातून फाइली वाचविण्यासाठी हा गुण उपकारक ठरतो, तर परक्याच्या यंत्रावर तोच आक्षेपार्ह होऊ शकतो. विंडोज पूर्णपणे बंद न करता केवळ सुप्तावस्थेत ठेवलेले असेल, तर त्या तबकडीवर लिहिल्यास तिच्यातील माहिती दूषित होण्याचा संभव असतो. या दक्षता घेतल्यास, काही गिगाबाइटांचा एक पेनड्राइव्ह आणि टाकाऊ ठरविलेला एक लॅपटॉप यांतून लेखन-वाचनास पुरेसा असा संगणक उभा राहतो.