जैनथचा कापूस आणि होजिअरी उद्योग

पैनगंगेच्या खोऱ्यातील जैनथ परिसरात कापूस हे प्रमुख नगदी पीक आहे. सरकी काढलेल्या रुईचे सूत होते आणि सुताचे फास एकमेकांत गुंफून होजिअरीचे लवचीक कापड विणले जाते. केरळातील किटेक्स गारमेंट्स ही कंपनी तान्ह्या बालकांच्या अशाच कपड्यांच्या निर्यातीवर वाढली. २०२१ मध्ये तिने तेलंगणात २,४०० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा करार केला.

बालवस्त्रांच्या सुतात प्लास्टिकचा धागा वा केस चालत नाही. ही शुद्धता शेतातच राखावी लागते. यास्तव वेचणीसाठी सुती कापडाची झोळी वापरावी व कापूस वाळवूनच बाजारात न्यावा. ओलावा १२ टक्क्यांहून अधिक असल्यास भारतीय कापूस महामंडळ तो हमीभावाने घेत नाही आणि शेतकऱ्याच्या पदरी नुकसान येते.