मेल्यावर पन्नास लाख, आणि जित्तेपणी?

२०२० चा एप्रिल. आमच्या रोहिणखेडात दिवसाही चिटपाखरू दिसत नव्हतं. आम्ही सगळ्या दारं लावून घरात आणि माझी धाकटी जाऊ मात्र तोंडाला रुमाल बांधून निघालेली. ती अंगणवाडी सेविका. अंगणवाडीला कुलूप होतं. तिला सुट्टी नव्हती. बाळांचा, गरोदर बायांचा शिधा घरोघरी पोचवायचा, बाहेरगावाहून कोण आलं ते लिहायचं. पुढे सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चं सर्वेक्षणही आलंच.

घरात म्हाताऱ्या सासूबाई. मी एक दिवस चिडलेच, "अगं, आजार घरात आणशील!" ती शांतपणे म्हणाली, "जाऊबाई, मी नाही गेली तं पोराइचा शिधा कोन पोचवन?" मी गप्प झाले. त्याच रात्री जुन्या साडीचे चार मास्क शिवून तिच्या पिशवीत टाकले.

मे महिन्याच्या २९ तारखेला राज्य सरकारचा निर्णय आला. कोरोनाच्या कामावर मृत्यू आला तर पन्नास लाखांचं संरक्षण. त्यात अंगणवाडी कर्मचारीही होत्या. जाऊ हरखली. सासूबाईंनी मात्र विचारलं, "मेल्यावर पन्नास लाख. अन् जित्तेपणी?"

जित्तेपणी ‘मानधन’. १९७५ साली ही योजना सुरू झाली तेव्हापासून हाच शब्द. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेले महिना ४,५०० रुपये, वर राज्याची भर. पगार म्हटलं की हक्क येतो, मानधनात नुसता मान!

२०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट, वर माहिती इंग्रजीत भरायची! बाया बोलायला शिकल्या, याचा मला आनंद झाला. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. निकाल वाचून दाखवला तेव्हा जाऊ म्हणाली, "म्हणजे आपन काम करतो, हे कबूल केलं तं!"

मैत्रिणींनो, आपली लेकरं ज्यांच्या भरवशावर सोडून आपण शेतात, कामावर जातो, त्यांची आठवण फक्त साथीतच का व्हावी? त्या मोर्चाला निघाल्या की ‘अंगणवाडी बंद’ म्हणून कुरकुरू नका. दोन पावलं सोबत चाला. माझ्या जावेसोबत मी चालले आहे.